कमांडरला उभं करताना

१९८६ साली अमीन गुल आमच्या ओहायोच्या हॉस्पिटलात आला, तेव्हा त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता, तोरा मात्र शाबूत होता. अफगाणिस्तानातल्या जखमींना तेव्हा उपचारांसाठी अमेरिकेत आणत, त्यातला हा. मी तिथली फिजिओथेरपिस्ट. पेशावरच्या छावणीत तो उर्दू शिकलेला आणि मला हिंदी येतं, एवढ्यावर तो माझ्या गळ्यात पडला.

मूळचा हा गावच्या पाटाचं पाणी वाटणारा. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी, ते त्याच्या शब्दावर चाले. रशियन बॉम्बनं पाट फुटला, भाऊ गेला आणि यानं बंदूक उचलली. सहा वर्षांत जिहादचा मोठा कमांडर झाला, तीनशे माणसं हाताखाली. मग सुरुंगावर पाय पडला.

कृत्रिम पाय बसवला, पण स्वारी उभी राहीना. सरावाच्या दोन समांतर दांड्या धरून चालणं म्हणजे अपमान! "कमांडर सहारा नहीं लेता," म्हणे. महिनाअखेर त्याला परत पाठवणार होते. तोवर चालला नाही, तर जन्मभर चाकाची खुर्ची. मला त्याचा भयंकर राग यायचा.

एका गुरुवारी नवऱ्याबरोबर माझे सासरे मला न्यायला आले. जगन्नाथराव, वय अठ्ठ्याहत्तर, नागपूरहून तीन महिन्यांसाठी आलेले. ते दारात दिसताच अमीन धडपडत उठू लागला. वडीलधारं माणूस आत आलं आणि आपण बसून राहायचं, हे त्याला मरणाहून वाईट. आपल्याकडे तरी काय वेगळं?

मी सासऱ्यांना रोज आणू लागले. "बाबा, आत या. आता बाहेर जा. परत या."

"शरयू, माझी परेड काढतेस का गं?" ते वैतागले, पण येत राहिले.

दर खेपेला अमीन उठे. मग पाहुण्याला दारापर्यंत पोचवायला हवं म्हणून दांड्या धरून चालू लागला. शेवटच्या दिवशी तर काहीही न धरता थेट पार्किंगपर्यंत गेला! नर्सेसनी टाळ्यांचा कडकडाट केला. मी हमसाहमशी रडले. जिंकलो होतो आम्ही.

"आता पुन्हा लढाई?" मी विचारलं.

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"सव्वीस घरं आहेत," तो म्हणाला. "तिथले मुलगे माझ्या शब्दावर गेले, परत आले नाहीत. त्यांच्या आया दार उघडतील, तेव्हा मी बसलेला असून कसं चालेल?"