काहिलीतला बाप्तिस्मा

आत्याचा फोन श्रीरामपूरच्या एसटीडी बूथवरून आला. मीटर पळत होतं, म्हणून ती एका दमात बोलली. "रविवारी तुझ्या आतोबांचा बाप्तिस्मा हाय. पाटाला पानी सुटतंय. पांढरी प्यांट घालून ये." आणि ठेवला. मी पुण्यात चाट! आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. वय साठीच्या पुढे, जन्म ख्रिस्ती घरातला, देवळातली घंटा वाजवणार तेच. आणि त्यांचाच बाप्तिस्मा राहिलेला?

शनिवारी एसटीने निघालो. नगरला पाणचट चहा घेतला. राहुरीच्या पुढे दोन्ही अंगांनी ऊस सुरू झाला, आणि खिडकीतून आलेल्या धुळीने माझी नवी कोरी प्यांट गाव येईपर्यंत गव्हाळ झाली.

संध्याकाळी भाकरी खाताना आतोबांनी खुलासा केला. "तान्हा हुतो तवा पाळक आले, तर मला गोवर. पुढच्या खेपेला मी शेळ्यांमागं. त्याच्या पुढं पाळकांचीच सायकल पंक्चर. देवानं समद्या आळीला हाक मारली, मला तेवढं वगळलं. मग लाजंकाजं मीबी गप ऱ्हायलो. ह्या नव्या पाळकांनी इचारलं, तवा सांगून टाकलं." हसत बोलत होते, पण भाकरी नुसती कुसकरत होते.

"आपल्यात डोक्यावर थोडं शिंपडलं तरी चालतं की," मी म्हणालो.

"एवढी वरसं थांबलो आन् शिंपडन्यावर भागवू? मला बुडवा! मी त्येला हवा असंन तर दील की पाटभर पानी. न्हाईतर न्हाई."

आत्याने कपाळावर हात मारला. "आता देवाला अटी घालायला लागलेत!"

रविवारी उपासना आटोपून सगळी मंडळी ढोलकी-झांजा वाजवत उसातून पाटाकडे निघाली. पुढे आतोबा, पांढरेशुभ्र, नवरदेवासारखे लाजत. पाटावर पोचलो आणि ढोलकी आपोआप थांबली. पाटात चिखल, एक तुटकी चप्पल आणि आमच्याकडे बघणारी म्हैस. पाटकरी (पाटाचं पाणी सोडणारा माणूस) लूनावरून आला. "वर पाट फुटला. राती पानी बंद केलंय."

आतोबा बांधावर मटकन बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "झालं. कळलं मला. त्येला मी नको हाय. चला, मटन निवतंय." मला फार वाईट वाटलं. एकही माणूस हसला नाही.

पाळक तरुण, नुकतेच बदलून आलेले, झग्यात घामाने भिजलेले. त्यांनी समजावलं, की देव माणसाला जन्माआधीच निवडतो, आपल्या लायकीवर ते अवलंबून नाही.

"मग मला सांगितलं का न्हाई?" आतोबा म्हणाले. पाळक झग्याच्या बाहीने घाम पुसायला लागले.

आत्या मात्र भडकली. "देव काय पाटबंधारे खात्यात कामाला हाय व्हय? पाट फुटला की निवड रद्द?" बोलता बोलता तिची नजर शेजारच्या बंद गुऱ्हाळावर गेली. हंगाम संपला होता, आणि थंड चुलाणावर काहील (उसाचा रस आटवायची प्रचंड कढई) रिकामी पडली होती. गुऱ्हाळाचे मालक भाऊसाहेब आमची वरात बघत तिथेच उभे होते. आत्याने विचारलं तसे म्हणाले, "घ्या की वैनी. पन मुंग्या हायेत."

मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. बायाबापड्या माघारी वळल्या आणि घराघरातून भरलेले हंडे घेऊन आल्या. एप्रिल महिना, हापसा खडखड करून थेंब थेंब टाकणारा. त्या दिवसाचं प्यायचं पाणी ते! जन्मात हंडा न उचललेले बाप्येही खांद्यावर घेऊन आले. भाऊसाहेबांच्या घरचाही हंडा आला.

आतोबा आधी तोंड फिरवून बसले. मग तिरके बघायला लागले. मग उठून ओरडायलाच लागले, "अगं, लेकरांना प्यायला ठेवा! एवढं माझ्यासाठी?"

"मग काय म्हशीसाठी?" आत्या म्हणाली. "उठा. अजून कसं निवडायचं तुम्हाला?"

आतोबा काहिलीपाशी आले. "खाली जाळ न्हाई ना?" अशी खात्री करून आत उतरले. पाळकांनी एक दंड धरला, काठावरून मी दुसरा. पाळकांनी पित्याचं नाव घेतलं, पुत्राचं घेतलं, आणि तेवढ्यात जुन्या गुळावरून आतोबांचा पाय सटकला. आम्ही तिघेही धबाक्कन आत! पवित्र आत्म्याचं नाव पाळकांनी चूळ टाकतच पुरं केलं.

आतोबा वर आले. मिशीवर मुंग्या, डोळ्यांत पाणी, आणि तोंडभर हसू. "गोड हाय! अरं, लई गोड हाय! येडा मी. वाटायचं, मीच त्येची वाट बघतोय. त्यो कवाचा हितंच उभा हुता की!" ढोलकी कडाडली आणि आतोबा ओलेत्याने नाचले. मटण पुन्हा गरम करावं लागलं.

संध्याकाळी चिकट प्यांटनिशी एसटीत चढलो. मला बाप्तिस्मा तान्हेपणीच मिळाला, तोही बिनबोभाट. ऑफिसात मी तो विषयसुद्धा काढत नाही. उगाच कशाला, असं वाटतं. आतोबांनी बाहेरून खिडकी धरली आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडले, "जरा जागा द्या हो! आमचा भाचा हाय. ह्यालाबी देवानं निवडलंय, पन सांगत न्हाई कुनाला!"

सगळी गाडी वळून बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मांडीवर टोपली घेतलेल्या एका म्हातारीने मला, मग माझ्या प्यांटीला न्याहाळलं.

"व्हय का रं बाबा?"

नेहमीची सारवासारव जिभेवर आली होती. पण छातीत काहीतरी उचंबळून आलं, आणि मी हसतच सुटलो.

"हो आजी," म्हणालो. "मलाही निवडलंय."

"मग उभा कशाला?" म्हातारी सरकली. "बस की."