मामाकडून भाच्याला रजया

कटिंग टेबलाखाली चिंध्या साठतात ना, तसे किस्से साठतात. रोज थोडे थोडे पडतात, कुणाचं लक्ष जात नाही, आणि एक दिवस झाडू मारायला वाकलं की पोतं भरतं! आमच्याकडे रजयांची ती मोठी ऑर्डर चालू होती तेव्हाचे सगळे किस्से सांगायचे तर चहा दोनदा टाकावा लागेल. म्हणून निवडक सांगते.

परळला जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीत पहिल्या मजल्यावर आमचा गाळा. बावीस मशिनी, एक शेठ, कटिंगला सावंत मास्तर आणि फायनल चेकिंगला मी. दुसऱ्यांच्या कामाला नावं ठेवायचा पगार घेते, असं मास्तर माझ्याबद्दल सांगतात. त्यात फार खोटं नाही.

तर एक बलाढ्य देश. त्याचा एक दोस्त देश मोठ्या लढाईत अडकलेला. तिथे थंडी म्हणजे हाडं गोठवणारी. बलाढ्य देश म्हणाला, मी आहे ना, रजया पाठवतो! आणि त्या शिवणार कोण? आम्ही! जिथे जानेवारीतही पंखा तीनवर असतो.

ॲग्रीमेंटमध्ये कलम होतं, देशांची नावं कुठे बोलायची नाहीत. शेठनी सगळ्यांना तंबी दिली. मग आपसात बोलायचं कसं? लेबलच्या मशिनीवरच्या संगीतानं तिथल्या तिथे निकाल लावला.

"देणारा तो मामा, घेणारा तो भाचा. विषय संपला!"

तेव्हापासून आमच्या गाळ्यात जगाचं राजकारण मामा-भाच्यावर चालू झालं.

शेठनी आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली होती. "ये ऑर्डर पास झाली तर मामाची दुसरी ऑर्डर पक्की, आपण इथेच. नाही झाली तर मशिनी भिवंडीला. मला पण इथे परवडत नाही."

बाकीच्या बायका कुरकुरल्या. संगीताने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तिची आई भोईवाड्यातल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली, डावी बाजू गेलेली. रोज एकच्या सुट्टीत संगीता सात मिनिटांत घरी पोचते, आईला भरवते आणि पुन्हा मशिनीवर. भिवंडीहून भोईवाडा सात मिनिटांत कसा होणार? त्यामुळे भाच्याची लढाई भाच्याकडे, आमची लढाई ही होती.

*

पहिली चकमक लेबलावर झाली.

रजईच्या कोपऱ्यात लेबल लावायचं होतं, 'अमुक देशाच्या जनतेकडून सप्रेम भेट'. पहिलं सॅम्पल दोन बोटं रुंद. मामाच्या ऑफिसातून मेल आला, दहा फुटांवरून वाचता आलं पाहिजे. दुसरं लेबल वीतभर केलं. पुन्हा मेल, टीव्हीवर दिसलं पाहिजे. तिसरं झालं हातभर! आत भरण किती आहे, धुतल्यावर गोळे होतात का, याबद्दल मात्र एका अक्षराचा मेल नाही.

संगीता म्हणाली, "आमच्याकडे एक पिंप आहे. आईच्या लग्नात काकांनी दिलेलं. त्याच्यावर काकांनी स्वतःचं नाव एवढं मोठं घालून घेतलंय, की पाणी काढायला गेलं तर आधी काका दिसतात!"

मास्तरांनी हातभर लेबल उजेडात धरलं. मास्तर मूळचे मालवणकडचे, रागावले किंवा खूश झाले की मालवणीत जातात.

"शेठ, आता एक काम करा. ह्या लेबलाकच अस्तर लावा नि ताच पाठवा!"

*

एकदा जेवणाच्या सुट्टीत मास्तरांच्या मोबाईलवर बातम्या लागल्या होत्या. मामाकडचे कुणी मोठे साहेब कोट घालून सांगत होते, "आम्ही आमच्या मित्राच्या मागे ठामपणे उभे आहोत."

मी म्हटलं, "मास्तर, हे नेहमी मागेच का उभे राहतात? पुढे का नाही होत?"

मास्तरांनी सोलकढीचा घोट घेतला.

"गो, लग्न बघलंस नाय कधी? मामान मागेच उभ्या रवाचा असता. अक्षता पडतत त्या भाच्याच्या डोक्यार!"

*

मे महिन्यात मामाचा माणूस तपासणीला आला. उंच, गोरा, गळ्यात कायम मेजरिंग टेप. आम्ही त्याला टेपसाहेब म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, पण फॉर्ममध्ये जे लिहिलंय ते झालंच पाहिजे. आणि फॉर्ममध्ये लिहिलं होतं, एका माणसाने थंडीत अर्धा तास रजई पांघरून झोपावं आणि कसं वाटलं ते सांगावं.

मे महिना. परळ. थंडी आणायची कुठून?

अख्ख्या गाळ्यात एसी एकच, शेठच्या केबिनमध्ये. त्याला हात लावायची आमची कधी टाप नव्हती. शेठनी जड मनाने तो सोळावर आणला, सोफा रिकामा केला आणि वयाने सगळ्यात मोठे म्हणून सावंत मास्तरांना आत पाठवलं.

अर्धा तास झाला. तास झाला. टेपसाहेब काचेतून बघतोय. मास्तरांच्या घोरण्याने दाराची कडी थरथरत होती! शेवटी शेठनी हलवून उठवलं आणि टेपसाहेबाने विचारलं, "हाऊ डू यू फील?"

मास्तर गंभीरपणे म्हणाले, "एका टेस्टमधे काय समाजना नाय. उद्या परत घेवया."

दुसऱ्या दिवशी टेस्टसाठी केबिनबाहेर सतरा बायकांची लाइन होती. मी चौथी होते.

*

मग आल्या अटी. मामा देतो, पण अटी घालून देतो. शेठ एकेक वाचून आम्हाला मराठीत सांगत होते. रजई दुसऱ्याला द्यायची नाही. रजईचा फोटो मामाला पाठवायचा. आणि सातवी अट अशी, की सदर साहित्य भाच्याने स्वतःच्या हद्दीतच वापरायचं, सीमेपलीकडे वापरायचं झाल्यास मामाची लेखी परवानगी लागेल.

शेठना काही वाटलं नाही. तोफांच्या अटी असतील, टाइप करणाऱ्याने रजयांनाही त्याच चिकटवल्या असतील, म्हणाले.

संगीताने मात्र शाळेतल्यासारखा हात वर केला. "शेठ, एक शंका. भाच्याचा माणूस सीमेवर झोपलाय. झोपेत लोळत लोळत पलीकडे गेला. तर परवानगीसाठी त्याला आधी उठवायचं का?"

शेठनी ती शंका खरोखर मेलमध्ये लिहून पाठवली. उत्तर अजून आलेलं नाही.

*

मामाचं आणखी एक होतं. रजया एकदाच, घोषणा तीनदा!

पहिल्यांदा टीव्हीवर आलं, 'रजया देणार'. शेठनी पेढे वाटले. महिन्याने आलं, 'रजया मंजूर'. शेठना वाटलं दुसरी ऑर्डर आली, पुन्हा पेढे. जूनमध्ये आलं, 'मदतीचा ओघ सुरू'. पेढे! शेवटी शेठनी मामाच्या ऑफिसला फोन लावून विचारलं, की नवीन रजया किती? तिकडची बाई थंडपणे म्हणाली, "त्याच."

त्या वेळी रजया आमच्याकडेच होत्या. टीव्हीवर ओघ सुरू होता आणि त्या ओघावर बसून मास्तर पेढा खात होते.

*

मला वाटतं याच सुमारास मामाकडे निवडणूक झाली आणि मामा बदलला.

नवीन मामाला जुनं लेबल चालेना. रंग वेगळा हवा, अक्षरं वेगळी हवीत, सही हवी. सगळा माल शिवून बांधून तयार, आणि मेल आला की लेबलं उसवा! भाचा तिकडे कुडकुडायला सुरुवात करणार आणि आम्ही इकडे उसवतोय. त्या दिवशी मला खरंच राग आला. मशिनीवर शिवण्यापेक्षा उसवायला जास्त जीव जातो, बोटं सोलवटतात. लेबलच्या तिन्ही मशिनी संगीताच्या हाताखाली, त्यामुळे सगळा भार तिच्यावर.

दुपारी घरी गेल्यावर तिने आईपुढे रडगाणं गायलं. आई साताऱ्याकडची, धडधाकट होती तेव्हा अख्ख्या चाळीच्या गोधड्या शिवायची. तिच्या गावची रीत अशी, की गोधडी पुरी होताना शेवटच्या कोपऱ्यात अन्नाचा कण घालून मग टाका मारायचा. पांघरूण उपाशी असेल तर ऊब देत नाही म्हणे.

आईने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "आन् ह्या रजया उपाशीच धाडताय व्हय?"

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला कळलं ते चौथ्या दिवशी. चेकिंगला रजई आली, नेहमीप्रमाणे कोपरा चिमटीत धरला, तर नव्या लेबलाखाली बोटाला बारीक काहीतरी लागलं. दुसरी घेतली, तिच्यातही. सुई असेल म्हणून डिटेक्टरखालून काढली. मशीन गप्प. मी लेबलच्या मशिनीकडे बघितलं. संगीता मान खाली घालून शिवत होती, आणि मशिनीच्या खणात तिचा स्टीलचा डबा उघडा. आत रेशनचा तांदूळ. मी जवळ गेले तेव्हा तिने आईचा प्रश्न सांगितला.

खोट काढणं हे माझं काम. बोंब मारायला हवी होती. पण हातातली रजई एकदम शहाण्या माणसाने शिवल्यासारखी वाटली, खोटं कशाला सांगू. मी पासचा शिक्का मारला. दोन किलोत सगळा माल जेवला.

*

आणि मग शेवटची तपासणी.

टेपसाहेब आला. लांबी, रुंदी, टाके, लेबल, सगळं बरोबर. शेठ पेढ्यांचा बॉक्स हळूच टेबलावर सरकवत होते. तेवढ्यात टेपसाहेबाने एका रजईचा कोपरा चिमटीत धरला. माझ्यासारखाच! कात्री मागितली. कोपरा उसवला. टेबलावर पाच दाणे पडले.

दुसरी रजई, सात दाणे. तिसरी, सहा.

"व्हॉट इज धिस?"

शेठ पांढरे पडले. "ये क्या है? कुणी केलं?" गाळ्यातल्या बावीस मशिनी थांबल्या. मला भिवंडीची बस दिसायला लागली.

संगीता उठून पुढे आली. "मी केलं. आमच्यात पांघरूण उपाशी पाठवत नाहीत. साहेबांना सांगा."

"मी ते पास केलं," मीही बोलून गेले.

शेठनी कसंबसं इंग्रजीत सांगितलं. टेपसाहेबाने सगळे दाणे एका बाजूला सारले. मग फॉर्म उघडला. फॉर्मप्रमाणे परकी वस्तू सापडली की सगळा माल बाद. पण माल बाद केला तर टीव्हीवर तीनदा सुरू झालेल्या ओघाचं काय करायचं? तो फोन घेऊन जिन्यात गेला. चाळीस मिनिटं जिन्यात होता. संगीताची एकची सुट्टी निघून चालली होती.

परत आला तो टेप गुंडाळत.

तोडगा मामाच्या ऑफिसने काढला होता. दाणे न सांगता सापडले तर खोट. आधीच जाहीर केले तर मदत! माल पास. दुसरी ऑर्डर पक्की. फक्त पुढच्या वेळी प्रत्येक रजईत मोजून पाच दाणे, कमी नको, जास्त नको. आणि कोपऱ्यात आणखी एक लेबल.

संध्याकाळच्या बातम्यांची वाटही बघावी लागली नाही. मास्तरांच्या मोबाईलवर तेव्हाच खाली पट्टी फिरायला लागली, की बलाढ्य देशाकडून मित्रदेशाला रजयांबरोबर आता अन्नधान्याचीही मदत!

भोईवाड्याच्या रेशनचा तांदूळ, आणि नाव मामाचं! मास्तर हसता हसता टेबलावर आडवे झाले. शेठ पेढे वाटत सुटले. संगीता एका डोळ्याने रडत, दुसऱ्याने हसत होती आणि माझा हात धरून मला जिन्यावरून खाली ओढत होती, कारण घरी आई उपाशी होती.

सात मिनिटांचं अंतर आम्ही पाचात कापलं. आईला उशीला टेकवून बसवलं. संगीता भात कालवत होती आणि मी सांगत होते, अगदी पहिल्यापासून. टेपसाहेब, पाच दाणे, सात दाणे, जिना, टीव्ही, दुसरी ऑर्डर, आता भिवंडीला जायचं नाही.

आईने सगळं शांतपणे ऐकलं. संगीताने घास पुढे केला, तर उजव्या हाताने तो थांबवला.

"मामाचं ऱ्हाऊ दे गं," म्हणाली. "भाचा जेवला का?"