बेटावरची दीपमाळ आणि सुभेदार

कृष्णेच्या बेटावरची पडकी दीपमाळ आम्ही श्रमदानाने दुरुस्त करत होतो. त्रिपुरी पौर्णिमेला ती पुन्हा उजळावी, एवढाच हेतू. म्होरके एक निवृत्त सुभेदार. गूळ शिजवायच्या काहिलीत बसून आम्ही रोज नदी ओलांडायचो. काहिलीत पहिले तेच बसत आणि दगडाला हात मात्र कधीच लावत नसत.

भेगा चुन्यानेच भराव्यात, दिव्यांचे कोनाडे बुजवू नयेत, असे मी त्यांना तीन पत्रांनी रीतसर कळवले.

"आवं आप्पा, कागदानं दगूड चिकटत न्हाई," म्हणत त्यांनी सबंध दीपमाळ सिमेंटने गुळगुळीत करून घेतली.

पौर्णिमेला बायका पणत्या घेऊन आल्या. कोनाडा एकही उरला नव्हता.

"आवं सुभेदार, दिवं तुमच्या टकुऱ्यावर ठिवायचं व्हय?" एकीने विचारले.

"खाली मांडा," सुभेदार निर्विकारपणे म्हणाले, "उंचावर वारा लागतोय."