बिना टीका प्रवेश बंद

पवनारच्या थोडं अलीकडे हायवे सोडून आत वळलं की आमचा वृद्धाश्रम लागतो. त्याच्या गेटाचे दोन खांब लहानू गवंड्याने बांधले. त्या खांबांचा गारा डोक्यावर वाहिला त्याच्या बायकोने, पंचफुलाबाईने. काम संपलं तसा लहानू पुढच्या साईटवर गेला, बाई मात्र इथेच राहिली. काऊन राहिली असं विचारलं तर सांगते, "घमेलं धुवून राह्यली होती. आतून एक म्हातारी पाणी मागून राह्यली होती. म्हणलं, देऊन येतो." ते पाणी द्यायला जी आत गेली, ती अजून बाहेर यायची आहे. मधे पोरीचं लग्न केलं, स्वतःचं पक्कं घर बांधलं, पण ते सगळं येता-जाता.

बाई आता पन्नाशीच्या पुढे. उंची बेताची, दंड गवंड्यालाही लाजवतील असे. तिने आतून हाक मारली की हायवेवरचा ट्रकवाला उगाच ब्रेकवर पाय ठेवतो. म्हाताऱ्यांना आंघोळी घालणं, कुशी पालटणं, नखं कापणं आणि भांडणं सोडवणं ही तिची कामं. फार शांत शांत वाटलं तर भांडणं लावणं, हेसुद्धा.

तिचा सगळ्यात अवघड गडी म्हणजे सदाशिवराव. हिंगणघाटच्या मिलमधले जुने मुकादम. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, वाचा गेली, राग तेवढा शाबूत राहिला. दुसऱ्या कोणी चमचा पुढे केला की दातखीळ. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. मग एका दुपारी पंचफुलाबाईने काय केलं, तर ओंजळ तोंडाशी धरून पोटातून आवाज काढला, "भोंऽऽऽऽ!" मिलच्या जेवणाच्या सुटीचा भोंगा. सदाशिवरावांनी तोंड उघडलं! जन्मभर ज्याने भोंग्यावर डबा उघडला, त्याला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. नळी टळली. स्वयंपाक करणाऱ्या आनंदाबाईनेही एकदा भोंगा वाजवून पाहिला, पण तिचा मिक्सरसारखा निघाला. मुकादमांनी तोंड तर उघडलं नाहीच, वर डोळेही मिटून घेतले.

आता हेमराजजी. आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष, हिंगणघाटचे जिनिंगवाले, माणूस सोन्यासारखा. फक्त त्यांना नियमांची आवड आहे. करोना आला आणि त्यांना जणू आयुष्याचं काम सापडलं. मास्क, हात धुणे, बाहेरच्या चपला बाहेर, भेटायला येणारे खिडकीपलीकडे, ज्याला ताप तो गेटाबाहेर. सरकारी सूचनेत 'शक्यतो' असं लिहिलेलं असलं, तर हेमराजजींच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत त्याचं 'सक्तीने' झालेलं असायचं. गंमत सोडा, पहिल्या लाटेत आमचे म्हातारे वाचले त्यात या आवडीचा वाटा होता.

एकवीस साली पंचेचाळीशीच्या वरच्यांना लस खुली झाली आणि हेमराजजींनी सगळ्या कामगारांची सभा घेतली. "आता सगळ्यायनं लस घ्यायची."

आनंदाबाईने पदर नाकाला लावला. "मायबाई, लस? फोडातून येते ते? ते आंगात टाकाची?"

सभा तिथेच संपली. त्या दिवशी निम्म्या लोकांनी जेवणही टाकलं.

हेमराजजी व्यापारी माणूस. माल खपत नसेल तर लेबल बदलायचं, एवढं त्यांना कळतं. "लस शब्दच खराब आहे," ते मला म्हणाले. "हिंदीतला टीका चांगला. टीका म्हणा. पाटी लावून टाका: सोमवारपासून बिना टीका प्रवेश बंद."

पाटी रंगवायला जाम गावाहून प्रेमदास पेंटर आला. जामच्या चौकातले निम्मे ढाबे त्याने रंगवलेले. त्याला चित्र एकच येतं, हात जोडून स्वागत करणारी बाई. तीच त्याने पाटीवर काढली. मी म्हटलं, "अगा प्रेमदास, हे करोनाचं आहे." त्याने तिला मास्क घातला. पण मास्कने सगळा चेहरा झाकला गेला, कलाकाराला हात दाखवायला कपाळच तेवढं उरलं. तिथे त्याने लालभडक, बंद्या रुपयाएवढा टिळा काढला आणि खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'बिना टीका प्रवेश बंद'.

या नियमाचा पहिला बळी मी. मी तिथे हिशेब सांभाळतो, पण वय पंचविशीचं, म्हणजे लस मागूनही मिळत नव्हती. हेमराजजींना अपवाद मान्य नाही. माझं टेबल गेटाबाहेर निंबाखाली आलं. म्हणून पुढचं सगळं मी पहिल्या रांगेतून पाहिलं.

सोमवारी सकाळी पंचफुलाबाई आली. पाटी वाचली. चित्र पाहिलं. पुन्हा पाटी वाचली. मास्कमुळे मला तिचे डोळेच दिसत होते, पण तेवढे पुरे होते.

"अनुपबाबू, हे कोणाचं डोकं?"

"शेठजींचा नियम आहे, बाई. सगळ्यांना लागू."

"शेठजीले सांगजो, पंचफुला टीका लावून घेत नाई. आज नाई, उद्या नाई, मेल्यावरबी नाई."

आणि ती वळून तरातरा निघाली. मी हाका मारल्या. माझा आवाज काही ट्रक थांबवणारा नाही.

आत ही बातमी पोचायला मिनिटभर लागलं. बाकीचे कामगार मुक्कामाला आतच, म्हणून पाटीने त्यांना अजून अडवलं नव्हतं. आनंदाबाईला तेच पाहिजे होतं. "पंचफुला नाई म्हणते, त काहीतरी असनच ना त्याच्यात!" दुपारपर्यंत सगळ्या कामगारांचा नकार पक्का झाला. आणि सदाशिवरावांनी सकाळी तोंड मिटलं ते दुपारी मिटलेलंच, संध्याकाळीही मिटलेलंच. नळीचा विषय पुन्हा निघाला. हेमराजजी फोनवर चिडून म्हणाले, "इतकी समजदार बाई, आणि अशी अडाण्यासारखी? उद्या मी स्वतः येतो."

दुसऱ्या दिवशी हेमराजजींच्या आधी पंचफुलाबाई हजर. हातात डबा. गेटाबाहेर उकिडवी बसली आणि म्हणाली, "मी आत येत नाई, तुमचा नियम तुमच्यापाशी ठेवा. मुकादमाले हितं आणा. त्यायचं काय चुकलं?"

सदाशिवरावांची चाकाची खुर्ची गेटाशी आणली. बाईने दोन गजांमधून हात घातला. "भोंऽऽऽऽ!" मुकादमांनी आ केला. तिसरा घास चालू असताना हेमराजजींची गाडी थांबली.

"पंचफुलाबाई, काय लावलं हे? सगळ्या दुनियेनं टीका घेतला."

"घेऊ द्या दुनियेले. आमच्या घरी बंद आहे."

"कधीपासून?"

"छप्पन सालापासून."

हेमराजजींनी माझ्याकडे पाहिलं. "छप्पन साली कुठचा करोना?"

"करोना गेला खड्ड्यात. माहा आजा नागपूरले चालत गेलता दीक्षेले. आला त्या दिवशी घरातलं समदं गंधटिळ्याचं काढून टाकलं. तवापासून टीका लावाले आमच्यात कोणी कपाळ पुढं करत नाई. टिकली लावली त मी माह्या मर्जीनं लावन. कामावर याचं म्हणून गेटावर उभं राहून कोणाच्या हातून लावून घेऊ? या खांबाचा गारा मी वाह्यला शेठजी, तवा कोणी माहं कपाळ पाह्यलं नाई!"

पण हेमराजजींच्या कानात 'कपाळ' शिरलंच नाही, कारण ते आपलं ठरवून आणलेलं बोलत होते. "बाई, दुखत नाही. एका मिनिटाचं काम आहे."

"दुखाचा सवाल नाई, इज्जतीचा आहे."

"आणि दोनदा लावावा लागतो, एकदानं होत नाही."

"दोनदा?" बाई ताडकन उभी राहिली. "एकदाच लावत नाई, त म्हणे दोनदा!"

"अहो, मी लावला ना! काय झालं मले?" असं म्हणत हेमराजजींनी सदऱ्याची बाही वर सारली आणि दंड पुढे केला. "हे पाहा. इथं."

पंचफुलाबाईने दंडाकडे पाहिलं. मग हेमराजजींच्या कपाळाकडे. मग पाटीवरच्या बाईकडे. आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "टीका... तुमच्यात दंडाले लावता काय?"

हेमराजजींनी पहिल्यांदाच पाटी नीट पाहिली, त्या बंद्या रुपयासकट. त्यांचा चेहरा कापसासारखा पांढरा झाला, मग हळूहळू लाल. "हे राम. बाई... टीका म्हणजे लस. सुई."

"मंग लस म्हणा ना बापा!"

"लस म्हटलं तर ही आनंदाबाई—"

पुढचं ऐकू आलं नाही. पंचफुलाबाई गेटाचा गज धरून हसत होती. आनंदाबाई आतून हसत होती. आणि खुर्चीतून एक खरखरीत, अर्धवट आवाज आला. सदाशिवराव हसत होते, तोंडाच्या डाव्या बाजूने. आश्रमात आल्यापासून त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. बाईने ती संधी साधून चौथा घास कोंबला.

हेमराजजींनी हात जोडले, अगदी पाटीवरच्या बाईसारखे. "तुमच्या कपाळाला हात लावायची कोणाची हिंमत नाही. माफ करा." ते असं मोकळेपणाने म्हणाले, ही त्यांची जमेची बाजू.

"जाऊ द्या," बाई म्हणाली. मग डब्याचं झाकण लावता लावता तिला काहीतरी आठवलं. "पण त्या सुईनं ताप येते म्हणतात?"

"एखादा दिवस."

"आन ताप असला का गेटाच्या आत येऊ देत नाई."

"नियम आहे."

"मंग त्या दिवशी मुकादमाले भोंगा कोण वाजवन? काल त्यायनं काय केलं, माहीत आहे ना?" तिने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. आनंदाबाईने मान खाली घातली. नजर फिरत फिरत हेमराजजींवर येऊन थांबली. "शेठजी. तुम्ही."

"मी?"

"टीका लावला तुम्हाले, ताप येऊन गेला, मास्क आहे. नियमात बसता. भोंगा वाजवा, मी सुई घेतो. माह्यासंगं हे समदेबी घेतीन. नाईतर मी हितंच बसतो गेटाशी."

कापसाचे सौदे करण्यात केस पांढरे झालेल्या माणसाला त्या दिवशी भाव करायला जागाच उरली नाही.

लसीकरणाच्या दिवशी आश्रमाची गाडी भरून गेली. पुढच्या सीटवर पंचफुलाबाई, निळ्या काठाचं पांढरं लुगडं, एरवी ती ते चौदा एप्रिलला काढते. केंद्रावर तिने सिस्टरपुढे दंड ठेवला आणि म्हणाली, "संभाळून बाई, गारा वाह्यलेला दंड आहे. सुई वाकन." सुई वाकली नाही. आनंदाबाई डोळे घट्ट मिटून "लावा, लावा" म्हणत होती. सिस्टर तोवर पुढच्या माणसाकडे पोचली होती.

ताप पंचफुलाबाईलाच चढला, सडकून. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हेमराजजी हातात वरणभाताची वाटी घेऊन सदाशिवरावांसमोर बसले. मी खिडकीबाहेर फोन स्पीकरवर धरून उभा. पलीकडे पवनारात बाई गोधडीखाली.

"भों," हेमराजजी म्हणाले.

मुकादमांनी भुवई उचलली. बस.

"शेठजी," फोनमधून आवाज आला, "हे काय, सायकलची घंटी? लाजून नका राहू. पोटातून काढा. हजार माणूस सुटाचा आहे जेवाले, हजार!"

हेमराजजींनी इकडेतिकडे पाहिलं. मग डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि—

"भोंऽऽऽऽऽऽऽऽ!"

निंबावरचे कावळे उडाले. सदाशिवरावांनी या जुन्या जिनिंगवाल्याकडे असं पाहिलं, की आता भोंगा वाजवायलाही मालक लागला! आणि तोंड उघडलं. फोनमधून तापाने फणफणलेली बाई ओरडली, "घाला! घाला लवकर!"

वाटी रिकामी झाली. हेमराजजी ती मला खिडकीतून दाखवत होते, एखादी ढाल जिंकून आणल्यासारखी.

पुढचे दोन महिने कसे गेले ते सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. हायवेवर सायरन थांबत नव्हते. आमच्याकडेही तिघांना ताप आला, एकाला दवाखान्यात न्यावं लागलं. तोही परत आला. एकही खाट कायमची रिकामी झाली नाही.

पावसाळा सरता सरता नातेवाइकांना भेटायला आत सोडायचं ठरलं. तोवर माझाही नंबर लागून टेबल आत गेलं होतं. गेटावर कोणाला उभं करायचं याचा विचार करायला हेमराजजींना वेळ लागला नाही. जिला पाटीने अडवलं होतं, तिच्याच हाती पाटी दिली. पहिल्याच रविवारी एक पांढरीशुभ्र गाडी आली. उतरले ते खुद्द हेमराजजींचे मेहुणे, कुठूनशी पूजा आटोपून.

"टीका लावला काय?" पंचफुलाबाईने विचारलं.

मेहुण्यांनी अभिमानाने कपाळाकडे बोट नेलं. केशराचा टिळा, अजून ओला. "हा काय!"

बाईने माझ्याकडे पाहिलं. मी फाइलीत डोकं घातलं.

"तो नाई जी. दंडावरचा. मोबाइलवर कागद येते ना, तो दाखवा."

तो नव्हता. मेहुणे तापले. "मी कोण आहे, माहीत आहे का?"

"माहीत आहे. म्हणूनच तुमच्याशी हसून बोलून राह्यली." तिने रस्ता दाखवला. "केंद्र जवळच आहे. सुई घ्या, ताप येऊन जाऊ द्या, मंग येजो. चहा ठेवतो."

मेहुण्यांनी आत उभ्या असलेल्या हेमराजजींकडे पाहिलं. हेमराजजींनी पाटीकडे बोट केलं. पाटी प्रेमदासने पुन्हा रंगवली आहे. बाई तीच, हात जोडलेली, मास्क घातलेली. कपाळ कोरं. लाल गोळा तेवढा उचलून त्याने तिच्या दंडावर बसवलाय.

गाडी वळून गेली. पंचफुलाबाईने सूर्याकडे पाहिलं.

"शेठजी, मुकादमाची जेवाची वेळ झाली. मी गेट सोडू शकत नाई."

हेमराजजी मुकाट्याने आत गेले. थोड्या वेळाने भोंगा वाजला. बाईने मान तिरपी करून शेवटपर्यंत ऐकला.

"आज बरा निघाला," ती म्हणाली.