गाडी लागू नये म्हणून

पीयूसीत, म्हंजे बारावीत, दोनदा गटांगळ्या खाऊन मी निपाणीत एका औषधाच्या दुकानात चिकटलो आणि सहा महिन्यांत आख्ख्या गल्लीचा डॉक्टर झालो. कुणाचं पोट दुखलं, मला विचारा. कुणाला झोप न्हाय, मला विचारा. मीपण असला दीडशहाणा, की 'ठावं न्हाय' असं म्हणायला जीव जायचा.

ऐंशी सालाच्या सुमाराला धाकट्या बहिणीला बेळगावात मास्तरकीच्या ट्रेनिंगची मुलाखत आली. आमच्या घरात एवढं शिकलेली ती पहिलीच पोरगी. पण तिला गाडी लई लागायची. वाटेवरचं संकेश्वर यायच्या आतच साडी खराब.

"मी हाय न्हवं!" म्हणत मी दुकानातल्या उलटीच्या गोळ्या घरी आणल्या. आईच्या नकळत तिला दिल्या, रात्री दोन, पहाटे दोन. एका गोळीनं उलटी थांबते, तर चारांनी गावाबाहेर पळंल, हे माझं गणित.

सकाळी वेणी घालता घालता तिची मान एका बाजूला वळली ती वळलीच. डोळे आढ्याला लागले, दातखीळ बसली. आई किंचाळली, "लागीर झालं गं बया माझ्या लेकीला!" जयंतीच्या सभेत अंधश्रद्धेवर भाषण ठोकून टाळ्या घेतलेला मी, उतरून टाकायला लिंबू आणायला सगळ्यांच्या आधी पळालो.

शेजारच्या आक्कानं मला शिवी हासडली आणि रिक्षा बोलावली. डॉक्टरांनी बहिणीकडं बघताच विचारलं, "उलटीची गोळी खाल्ली काय हिनं?" दातखीळ बसलेल्या बहिणीनंच चार बोटं दाखवली. डॉक्टर भडकले. "ही गोळी न थांबणाऱ्या उलटीवर देतात, नायतर डोकं बिघडलेल्या माणसाला. तीपण आम्ही बघून देतो. गाडी लागण्यावर हिचा काय उपयोग?" त्यांनी इंजेक्शन दिलं. पंधरावीस मिनिटांत मान सरळ झाली, तेव्हा मी बाकड्यावर बसून ढसाढसा रडलो. पण तिला गुंगी आली. आज प्रवास बंद, डॉक्टर म्हणाले. मुलाखत गेली.

"गोळ्या दिल्या कुणी?" त्यांनी विचारलं.

मी भिंतीवरचा तक्ता वाचायला लागलो. बहीणच माझ्याकडं बघत जड आवाजात बोलली, "मीच घेतल्या. ह्या अण्णाच्या खिशातनं. त्याला ठावं न्हाय."

वर्षभर आल्यागेल्यासमोर आई तिचाच उद्धार करायची, "आगाऊपणा केला नि मुलाखत घालवली." ती भाकऱ्या थापत राहायची. मी तिथंच बसून चहा प्यायचो. आई जग सोडून जाईस्तोवर मी खरं सांगितलं न्हाय.