कसा आवाज करतो, ते सांगा

पंखे, मिक्सर आणि शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या दुकानात एक शब्द चालत नसे: आवाज. "पंखा आवाज करतो हो," असं म्हणत कोणी आत आलं, की मिस्त्री हातातला पाना खाली ठेवत.

"आवाज तर मीही करतो. कसा करतो, ते सांगा."

गिऱ्हाईक गांगरायचं. मग आठवून म्हणायचं, "घरघर." मिस्त्री मान हलवायचे. घरघर म्हणजे बेअरिंग गेलं. खडखड असेल तर काहीतरी सैल झालंय, कुरकुर असेल तर तेल हवंय, आणि मिक्सर चरचर करत असेल तर आतले कार्बन झिजलेत. ज्याला शब्दच सुचत नसे त्याने तोंडाने आवाज काढून दाखवायचा. चांगले कोट घातलेले गृहस्थ रस्त्याकडेला उभे राहून गाल फुगवायचे आणि पंखा व्हायचे. समोरचा इस्त्रीवाला पोट धरून हसायचा. मिस्त्री जरा विक्षिप्तच, पण हातात जादू आहे, असं सगळ्यांचं मत होतं.

खरी गोष्ट वेगळी होती आणि ती मिस्त्रींनी कोणाला कळू दिली नव्हती. त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. समोरच्याचे ओठ बघून आणि उरलंसुरलं ऐकून बोलण्याचं भागून जायचं, पण यंत्राची कुरबुर आता कानापर्यंत पोचत नव्हती. हे बाहेर फुटलं तर आपल्याकडे कोण येणार, या धास्तीने त्यांनी ही शक्कल काढली होती. ऐकायचं लोकांनी, दुरुस्त करायचं मिस्त्रींनी.

गंमत म्हणजे या लपवाछपवीत त्यांना शब्दांचीच गोडी लागली. एकदा एका घरचा पंखा आला. नवरा म्हणाला, कटकट करतो. बायको म्हणाली, छे, कुरकुरतो. तिची सासू म्हणाली, "कण्हतो हो बिचारा!" आता तिघांचे कान धडधाकट, मग एकाच पंख्याचे तीन पंखे कसे झाले? तो उघडेपर्यंत मिस्त्रींना चैन पडेना. आत वंगण पार वाळून गेलं होतं, म्हणजे कुरकुरण्याच्याही पलीकडची गत. सासूबाई जिंकल्या, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. पुढेपुढे त्यांच्या ध्यानात आलं, की माणूस यंत्राबरोबर थोडं स्वतःचंही सांगून जातो. भांडून आलेल्याचं सगळंच खडखडतं. एकटे राहणारे एक आजोबा तर म्हणाले होते, "गुणगुणतो. ते राहू दे तसंच, फक्त वेग वाढव."

घरी मात्र ही युक्ती लागू पडत नव्हती. बायको बोलायची ती ओट्याकडे तोंड करून. उत्तर आलं नाही की भांडी आदळायची, तेही मिस्त्रींना धड कळत नसे. हल्ली तर तिने बोलणंच टाकलं होतं.

एका दुपारी कोपऱ्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या ताई मशीन घेऊन आल्या. डोळे लाल झालेले. "आवाज येतोय. बघा काय ते," एवढंच म्हणून स्टुलावर टेकल्या. एरवी नेमका शब्द घेऊन येणारी बाई! पण आज त्यांना छेडायचा मिस्त्रींना धीर झाला नाही. त्यांनी अंदाजाने तेल घातलं, पट्टा आवळला, सुईखाली चिंधी धरून मशीन चालवलं आणि ऐटीत म्हणाले, "बघा ताई, कसं गप्प झालं!"

ताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मशीन एवढं ठोकत होतं की समोर इस्त्रीवाल्यानेही मान वर केली.

ताईंचा चेहरा पाहून मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. ताईंनी हाताने चाक धरून थांबवलं. मग ओठ दिसतील अशा वळल्या आणि सावकाश म्हणाल्या, "खटखट करतंय. दर फेऱ्याला."

आतलं शटल सैल होऊन आपटत होतं. मिस्त्रींनी ते नीट बसवलं. ताईंनी पैसे दिले आणि मशीन उचललं.

जाता जाता ताई इस्त्रीवाल्यापाशी थांबल्या. दोघांचे ओठ हलताना मिस्त्रींना दिसत होते, पण एवढ्या लांबून काही उमगेना. इस्त्रीवाल्याने कपाळाला हात लावला. झालं, मिस्त्रींना वाटलं, संपला आपला धंदा. त्यानंतर त्यांचं कशात लक्ष लागेना. शेवटी न राहवून ते रस्ता ओलांडून गेले.

"काय म्हणत होत्या रे ताई?"

"त्यांची बहीण फार आजारी आहे. दवाखान्यात ठेवलंय. रडत होत्या हो."

मिस्त्रींना स्वतःची लाज वाटली. ती बाई बहिणीसाठी रडत होती आणि यांना त्यात आपलंच नाव दिसलं होतं. यापुढे कुठेही कोणाचे ओठ हलले तरी असंच होणार, हे त्यांना लख्ख कळलं.

दिवस मावळायच्या आतच दुकान बंद करून ते घरी गेले. बायको पाठमोरी भांडी विसळत होती. त्यांनी खांद्याला धरून तिला आपल्याकडे वळवलं.

"अगं, मला ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले."

"माझं बोलणंसुद्धा?"

"पाठमोरी असलीस तर काहीच नाही."

"म्हणजे तुम्ही माझ्यावर रागावला नव्हतात?"

"मी कशाला रागावू?"

ती ओले हात तसेच डोळ्यांवर धरून खाली बसली. "मग मी एवढे दिवस कोणाशी अबोला धरला होता हो?"

शब्द त्यांनी ओठांवरून टिपले. पण ती ते रडत म्हणाली की हसत, की अजून रागातच, ते मात्र त्यांना काही केल्या कळेना.