गुळवेलीच्या पुडीची चोरी

नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले. पण ऐंशीच्या दशकात अंधेरीला फौजदार असताना तपासलेली ही चोरी आठवली की अजून हसू फुटतं.

आमच्या हद्दीतल्या एका प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाई ठाण्यात आल्या. गुळवेलीने कॅन्सर टळतो का, याची तपासणी त्या उंदरांवर करत होत्या. सगळ्या उंदरांना रोग होईल असं रसायन द्यायचं, निम्म्यांच्याच खाद्यात गुळवेलीची पूड मिसळायची आणि दोन्ही गटांतला फरक पाहायचा. ती पूड कपाटातून भराभर कमी होत होती.

"बाहेर कोणी कॅन्सरचं औषध म्हणून विकली, तर रोगी उपचार सोडून तीच खात बसतील हो!" बाई म्हणाल्या.

स्टेशन डायरीत नोंद घेऊन मी खबऱ्याला कामाला लावलं. "साहेब, कपाटाची चावी उंदरांना खायला घालणाऱ्या मामांकडे असते," त्याने टीप दिली. मामा मालवणकडचे, पूर्वीचे गिरणी कामगार. त्यांना चौकशीला आणलं.

"पूड घेतलंय. इकूक नाय," पूड घेतली खरी, पण विकायला नाही, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

संध्याकाळी वडापाव मागवले, त्यात एक कमी आला. जो हवालदार इतका वेळ दरडावत होता, त्यालाच मामांनी आपला अर्धा मोडून दिला. "तुमी उपाशी नि मी एकट्यान खावचा? एका पंगतीत असा चालना नाय."

माझी ट्यूब पेटली. "मामा, उंदरांना कसं वाढता?"

"अर्ध्यांका औषध नि अर्ध्यांका नुसतो चारो? ह्यो पंक्तिप्रपंच माझ्या हातसून नाय होवचो, सायबानू. मी सगळ्यांका सारख्याच वाढलंय."

बाईंना बोलावलं. ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणून फरक दिसत नव्हता! आता सगळं पहिल्यापासून करायचं." मामांची नोकरी गेलीच, असं वाटून मला खरंच वाईट वाटलं.

पण बाईच हसू लागल्या. "तक्रार मागे घेते, साहेब. इतक्या मायेने उंदीर सांभाळणारा दुसरा कुठे शोधू? मामा, यापुढे तुम्ही फक्त औषधवाल्यांना वाढा. बाकीचे वेगळ्या खोलीत, त्यांना मी वाढेन. आणि कपाटाची चावी माझ्याकडे द्या, पूड रोज मीच मोजून देईन."

चोरी झाली की फायदा कोणाचा झाला, हे आम्ही पोलीस आधी शोधतो. कोणाला कोणाची दया आली, हेही विचारावं, हे मी त्या दिवशी शिकलो.

मामा दारातून मागे वळले. "बाई, मगे ता पाप तुमच्या माथ्यार."

"माझ्याच माथ्यावर, मामा," बाई म्हणाल्या. तेव्हा कुठे मामांनी कपाटाची चावी त्यांच्या हातात ठेवली.